ग्लोगोवाची तक्रार निकाली

देशाच्या वीज नियामक आयोगाचा वार्षिक आराखडा रादोस्तिना पेत्कोवाच्या टेबलावरून निघायचा. आयोगाने वर्षभरात काय करायचं, आणि ते झालं की नाही हे कशावरून ठरवायचं, ते ती लिहायची. बाकीचे लोक तिच्या कामाला ‘तक्ते रंगवणं’ म्हणत. ती मनावर घेत नसे. वीज कंपन्यांचे वकील, मंत्र्यांचे फोन, दरवाढीची भांडणं, या सगळ्या कलकलाटात निदान मोजमाप तरी स्वच्छ असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ग्राहकांच्या तक्रारींचा निकष तिचाच. मुदतीच्या आत आयोगाचं उत्तर गेलं की तक्रार निकाली. हा आकडा वर्षागणिक असा काही चढत गेला की अध्यक्ष दोब्रेव प्रत्येक भाषणात तो ऐकवू लागले.

त्या वर्षी अहवाल जाहीर झाला तेव्हाही त्यांनी तो ऐकवला. पत्रकार उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, अंगाने थोराड, डोक्याला रुमाल बांधलेला.

“मी वेल्का. ग्लोगोवा गावची. शेळ्या पाळते. तुमच्या त्या आकड्यात मी आहे का, तेवढं विचारायचं होतं.”

“तक्रार केली होतीत?” दोब्रेव हसून म्हणाले. “उत्तर मिळालं?”

“मिळालं की. दर वेळी मिळालं, आणि अगदी वेळेवर. इतक्या वेळेवर तर माझा नवरा, देव त्याला सद्गती देवो, कधी घरी आला नाही.”

सभागृहात हशा पिकला.

“मग झालं तर.”

“काय झालं, साहेब? संध्याकाळी धारा काढून दूध गार करायची टाकी सुरू केली की विजेचा दाब पडतो. दूध थंड होत नाही. सकाळपर्यंत नासतं. आता टाकीत तुमचं उत्तर बुडवून ठेवू का?”

या वेळी कुणी हसलं नाही. जातीने लक्ष घालतो, असं सांगून दोब्रेव पुढच्या प्रश्नाकडे वळले.

रादोस्तिनाने तिला जिन्यात गाठलं. खिडकीच्या कठड्याला टेकून वेल्का कागदात गुंडाळलेली बानित्सा, चीज भरलेला खुसखुशीत रोल, खात होती.

“उत्तर गेलं की तक्रार निकाली, हे मी ठरवलंय,” रादोस्तिना म्हणाली.

वेल्काने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “असं होय. दिसतेस तर शहाण्यासारखी.” मग बोटांवरचे कण झटकत म्हणाली, “एकदा ये बघायला. पण धारांच्या वेळेला ये. दुपारी सगळं झकास असतं. कंपनीचा माणूस म्हणूनच दुपारी येतो.”

रादोस्तिना पुढच्याच आठवड्यात गेली. ग्लोगोवा विजेच्या तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. अर्ध्या घरांना कुलपं. वेल्काच्या अंगणात तिचा सासरा, मिंचो आजोबा, लाकडं रचत बसला होता.

“राजधानीहून आलीस ना? मेणबत्ती आणलीस का?” त्याने विचारलं.

धारा झाल्या. वेल्काने टाकीचं बटण दाबलं आणि गोठ्यातला दिवा कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला. टाकीच्या यंत्राने दोनदा कण्हल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं. वेल्काने शिवी दिली, थोडं थांबून पुन्हा बटण दाबलं, पुन्हा शिवी दिली. “रोजचा जप आहे हा माझा,” ती म्हणाली. रादोस्तिना निघाली तेव्हा तिने पांढऱ्या चीजचा एक मोठा तुकडा बांधून दिला. नको नको म्हटलं तरी ऐकेना. “घे गं. आजचं दूध उद्या बहुतेक ओतूनच द्यावं लागणार.”

परत आल्यावर रादोस्तिनाने नवा निकष लिहिला. उत्तर जाऊन भागणार नाही. तक्रारदाराच्या घरी मोजणीची पेटी बसवायची, आणि महिनाभर दाब नीट राहिला तरच तक्रार निकाली धरायची. दोब्रेव नाही म्हणणार, या तयारीने ती त्यांच्या खोलीत गेली. भांडायला कंबर कसूनच गेली होती.

“आकडा कितीवर येईल?” त्यांनी विचारलं.

“अर्ध्याच्या खाली.”

दोब्रेव खुर्चीत मागे रेलले. “आणि त्याच्या पुढच्या वर्षी?”

“वाढेल. कंपन्यांना कामं करावीच लागतील.”

“म्हणजे एक वर्ष खाली, आणि मग दर वर्षी वर. वा! आधीचा आकडा इतका उंच गेलाय की तिथून प्रगती दाखवायला जागाच उरली नव्हती. घाला, आराखड्यात घाला.”

तिने ते कारण गिळलं. काम होतंय ना, मग कारण कुणाचं का असेना. तिने वेल्काला फोन लावला.

“छान झालं,” वेल्का म्हणाली. “कधीपासून?”

“नव्या वर्षापासून. पेट्या बसतील. मग कंपनीला सुधारणेसाठी एक वर्ष मुदत.”

पलीकडे एक शेळी ओरडली.

“बरं. सांगते शेळ्यांना,” असं म्हणून वेल्काने फोन ठेवला.

हिवाळ्यात पेट्या बसल्या. पहिल्या महिन्यात ग्लोगोवाचा आलेख रोज संध्याकाळी दरीत कोसळायचा. रादोस्तिना तो दर सोमवारी उघडून पाहायची. मार्चमध्ये मात्र तो सरळ झाला. संध्याकाळीसुद्धा सरळ. पूर्ण महिना उलटला तरी कुठे खड्डा नाही. ती खुर्चीतून उठलीच. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने लिहिलेल्या ओळीमुळे कुणाच्या घरचं काही हललंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. शनिवारी तिने अक्रोडाचा केक घेतला आणि गाडी काढली.

गावाबाहेरच्या तारा जुन्याच होत्या, तशाच लोंबत होत्या. खांबही तेच. तिला वाटलं, काम वरच्या अंगाला झालं असेल. वेल्काच्या गोठ्याचं दार सताड उघडं होतं आणि आत झाडून पुसून सगळं रिकामं.

मिंचो आजोबा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसला होता.

“तार बदलली का, आजोबा?”

“कोण बदलणार? शेळ्या विकल्या. डेअरीवाल्याने दूध घ्यायचं बंद केलं, मग काय करणार? टाकीही त्यांच्याबरोबर गेली. वेल्का इटलीला गेलीये, तिकडच्या कुणा म्हातारीचं करायला. इथल्या म्हाताऱ्याचं तो स्वतः बघतोय.” त्याने हनुवटीने वरच्या दिव्याकडे खूण केली. “पण उजेड बघ. उभ्या आयुष्यात असा पाहिला नव्हता. वीज ओढायला कुणी उरलंच नाही ना.”

रादोस्तिनाने केकचं खोकं टेबलावर ठेवलं.

“तुझी ती पेटी काय म्हणते?”

“सगळं ठीक आहे म्हणते.”

“मग खोटं नाही बोलत,” म्हातारा म्हणाला आणि केकचं खोकं सोडू लागला.

सोमवारी तिने निकाली निघालेल्या तक्रारी विजेच्या वापराशी ताडून पाहिल्या. डोंगरपट्ट्यात ग्लोगोवासारखी गावं पुष्कळ निघाली. कुठे करवतीचं यंत्र बंद पडलं होतं, कुठे बेकरी. वापर खाली आला की दाब आपोआप वर आला होता, आणि तक्रार निकाली. ती दोब्रेवांकडे गेली. या तक्रारी वगळायला हव्यात म्हणाली.

“व्याख्या कुणी लिहिली?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“मी.”

“तिच्यात शेळ्यांचा उल्लेख कुठे आहे?”

“मग व्याख्या बदलू.”

“रादोस्तिना, निकष दर वर्षी बदलले तर प्रगती कशी दिसणार? आता काही वर्षं याला हात लावायचा नाही. तुमचाच निकष आहे, आणि चांगला आहे. मी कौतुकाने सांगतोय.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

पुढल्या वर्षी संसदेच्या समितीपुढे अहवाल वाचायचं काम दोब्रेवांनी तिच्यावरच सोपवलं. पहिल्या वर्षी पडलेला आकडा त्यांनी सांगितलं होतं तसा आता वर गेला होता. तिने तो वाचला. दोघातिघांनी माना हलवल्या. मग तिने कागद खाली ठेवला.

“यातल्या बऱ्याच ठिकाणी काही दुरुस्त झालेलं नाही,” ती म्हणाली. “माणसं निघून गेली, म्हणून दाब वाढला. ग्लोगोवा गावात मी स्वतः जाऊन आले. तिथे ज्या बाईची तक्रार आपण निकाली काढली, ती आज देशातच नाही.”

समितीचे प्रमुख चष्म्यावरून बघत राहिले. “हा आराखड्यातला निकष आहे का?”

“नाही.”

“मग इतिवृत्तात घ्यायला नको. पुढचा विषय?”

टंकलेखन करणाऱ्या मुलीने कळफलकावरून हात उचलले. रादोस्तिना खाली बसली. दोब्रेवांनी आपला पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने पाणी पिऊन टाकलं.