अहो-जाहो

योलांदाने बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळून बांधली, कमरेवर हात ठेवले आणि समोरच्या दगडी पायऱ्यांकडे डोळे वटारून पाहिलं.

"कुणासाठी बांधल्यात या? घोड्यांसाठी?"

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात," मिरेला म्हणाली.

"गेल्या वर्षी मी त्र्याहत्तरची होते. चल, ऊन चढायच्या आत वर जाऊ."

सासू पुढे आणि सून मागे, अशा दोघी चढू लागल्या. दर जूनमध्ये त्या पिआचेंझाहून आठवडाभर या किनाऱ्यावर येत. लेवांतोला तीच खोली, तीच घरमालकीण आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मोन्तेरोस्सोहून वेर्नात्सापर्यंतची ही डोंगरवाट. योलांदाचा मुलगा, मिरेलाचा नवरा लोरिस होता तेव्हा तिघं असत. चार वर्षांपूर्वी तो गेला. पुढचा जून जवळ आला तसा योलांदाचा फोन आला, "खोली त्याच बाईची सांगू ना?" मिरेलाने हो म्हटलं, आणि दुःखाविषयी दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते तेवढ्यातच झालं.

आजही शेवटचाच दिवस होता. मिरेलाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सोमवारपासून आजवर ढकलत आणली होती. सप्टेंबरात ती इवानोशी लग्न करणार होती. तो ऊदिनेच्या शाळेत मुलांना नळकाम शिकवायचा. तिकडेच राहायला जायचं होतं. सांगायची लाज नव्हती, भीती होती. मूलबाळ नव्हतं. लोरिस नव्हता. रविवारचं जेवण आणि जूनमधला हा आठवडा, एवढ्यावर त्या दोघींचं नातं टिकून होतं, आणि ते आपल्याच हाताने तुटणार असं तिला वाटत होतं. या कुरकुऱ्या बाईवाचून आपल्याला करमणार नाही, हे तिने इवानोलाही सांगितलं होतं. तो हसला होता. तिला हसू आलं नव्हतं.

त्यातही एक जुनी सल होती. पंधरा वर्षं ती सासूला 'तुम्ही' म्हणत आली होती. मोठ्या माणसाने 'आता तू म्हण' असं आपण होऊन सांगेपर्यंत लहानाने 'तुम्ही' सोडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मैत्रिणींना त्यांच्या सासवांनी लग्नाच्या वर्षभरात सांगून टाकलं होतं. योलांदाने कधीच सांगितलं नाही. घरी पोस्टाची थैली घेऊन येणारी पोरगी तिला खुशाल 'तू' म्हणायची आणि ही बाई तिला कॉफी पाजायची. सून मात्र आपली अहो-जाहो करत उभी.

लिंबांच्या बागा मागे पडल्या. वाट अरुंद झाली. एका बाजूला दगड रचलेली बांधाची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. समोरून हातात काठ्या घेतलेले सात-आठ जर्मन रांगेने येत होते. योलांदा त्यांना वाट द्यायला बाहेरच्या कडेला सरकली. तिच्या पायाखालचा दगड डगमगला.

"थांब!" मिरेला ओरडली. "हलू नकोस! पाय तिथेच ठेव!"

तिने पुढे झेपावून योलांदाच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला आणि सासूला भिंतीकडे ओढलं. दगड सुटून खालच्या झुडपात गेला. जर्मन लोक एकदम थबकले, काहीतरी काळजीचं बोलले आणि अंग चोरून निघून गेले. योलांदा भिंतीला टेकून खाली बसली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि तोंड पुसलं.

"काय म्हणालीस?"

"तुमचा पाय निसटत होता."

"ते मला माहीत आहे, पाय माझाच होता. तू काय म्हणालीस?"

मिरेलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माफ करा. घाबरले. तोंडातून गेलं."

"माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून एकदा गेलं होतं," योलांदा म्हणाली. "आईला म्हणाला, 'तू बस, मी वाढतो.' बापाने त्याला ताटावरून उठवलं. आम्ही चौघं भावंडं आईला 'तुम्ही'च म्हणायचो. तिचे डोळे मिटेपर्यंत. 'तू' शेजाऱ्यांना, बाजारातल्या बायकांना आणि गायीला. आई ती आई." तिने बाटलीचं झाकण लावलं. "म्हणून तर तुला कधी बदलायला सांगितलं नाही. तुला कळलं असेल असं धरून चालले होते."

मिरेलाला काहीच कळलेलं नव्हतं. पंधरा वर्षं आपण उंबऱ्याबाहेर उभे असल्याचं मनात धरून बसलो, आणि ही बाई आपल्याला केव्हाच आत घेऊन बसली होती. तिला भयंकर अपराधी वाटलं. आता गप्प बसणं म्हणजे फसवणूक होती.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. इवानो, सप्टेंबर, ऊदिने.

योलांदाने समुद्राकडे पाहत ऐकून घेतलं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे गेल्या जूनमध्येही होता."

"होता."

"आणि तू माझ्या शेजारच्या खाटेवर आठवडाभर घोरत पडलीस."

योलांदाने हात पुढे केला, मिरेलाच्या आधाराने उठली, पँट झटकली आणि चालू लागली. पुढचा तास-दीड तास ती बोलली ते एवढंच: "पायरी निसरडी आहे", "ऑम्लेटचा पाव खाऊन घे, वाळेल", आणि एकदा, एका वळणावर, "लोरिस इथे नेहमी दमायचा." त्यावर मिरेला "हो" म्हणाली.

वेर्नात्साच्या स्टेशनवर नेहमीसारखी गर्दी होती. योलांदाने दोन्ही तिकिटं यंत्रात घालून शिक्के मारून घेतले, उजेडात धरून तपासले आणि एक तिकीट मिरेलाच्या हातात दिलं. बाकावर जागा मिळाली. गाडीला दहा मिनिटं होती.

"हे बघ," ती एकदम म्हणाली, "आता तू मला 'तू' म्हणत जा."

मिरेलाने मान वळवली.

"सगळेच म्हणतात. तुझं नवीन घर होणार, तिकडे नवीन माणसं येणार. माझं अहो-जाहो कशाला उरावर घेऊन जायचं? मोकळी हो."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ज्या वाक्याची पंधरा वर्षं वाट पाहिली ते शेवटी आलं होतं, आणि पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला यावं तसं आलं होतं. तिकीट मिरेलाच्या मुठीत चुरगळलं.

लाऊडस्पीकरवर गाडीची घोषणा झाली. माणसं उठून पुढे सरकू लागली.

"उठा," मिरेला म्हणाली. "मागचे डबे बोगद्यातच राहतात. तुम्हाला पुढे चालावं लागेल."

"मी काय म्हणाले, ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं. तुमची पिशवी इकडे द्या."

योलांदाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पिशवी दिली. गाडी आली, दोघी चढल्या, मिरेलाने एका तरुणाला विनवून खिडकीची जागा मिळवली आणि सासूला बसवलं. स्वतः समोरच्या जागेवर बसली. गाडी सुटली. मोन्तेरोस्सो आलं, अर्धा डबा उतरला, नवा अर्धा डबा चढला. योलांदाने चष्मा काढून रुमालाने पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"त्याची आई आहे?"

"नाही. तो शाळेत असतानाच गेली."

"हं." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "मग त्याला आधीच सांगून ठेव. हल्लीची माणसं पहिल्याच भेटीत गळ्यात पडतात आणि 'तू' म्हणून मोकळी होतात. माझ्याकडे चालणार नाही. त्यानेसुद्धा 'तुम्ही'च म्हणायचं."

"सांगते," मिरेला म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर सगळा बोगदाच होता.