सहादूच्या रेडिओतली शिट्टी

हरसूलहून गोटीरामचा फोन आला तेव्हा तृप्ती पगारे टेबलावर एकटीच डबा खात होती. गोटीराम तिथल्या बाजारात तिच्या कंपनीचे सोलरचे दिवे विकायचा.

"मॅडम, एक म्हातारा आपल्या सोलरच्या दिव्याचा डबा परत घेऊन आलाय. दिवा झकास लागतो म्हणतो. पण ऊन आहे तोवर रेडिओ नुसता शिट्टी मारतो."

"रेडिओ मीडियम वेव्हचा आहे का?"

"तोच. आमच्याकडं डोंगराआड एफएम कुठं पोचतंय?"

तृप्तीने जेवणाचा डबा बाजूला ठेवला. शिट्टी कुठून येत असणार ते तिला लगेच कळलं, कारण ते सर्किट तिनेच काढलं होतं.

नाशिकमधल्या अंबडच्या त्या छोट्या कंपनीत सर्किट काढणारी ती एकटी होती. वर्षभरापूर्वीपर्यंत सुयश असायचा. दोघं एका टेबलावर बसून तासन्‌तास वाद घालायची. मग तो बेंगळुरूला गेला. पावसाळ्यात आईही भावाच्या बाळाला सांभाळायला पुण्याला गेली. तेव्हापासून सिडकोतल्या घराचं कुलूप सकाळी तृप्तीच लावायची आणि संध्याकाळी तिलाच उघडावं लागायचं.

सोलरच्या डब्याचं काम साधं होतं. भर उन्हात पॅनलमधून बावीस व्होल्ट येतात आणि आतल्या बॅटरीला लागतात जेमतेम चार. ते उतरवण्यासाठी एक चिप वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते आणि शेजारची तांब्याची कॉइल ते हेलकावे सपाट करते. चालू-बंद जितकं जलद, तितकी कॉइल लहान. कंपनीचे मालक गायधनी सर यांना डबा तळहातात मावेल एवढा हवा होता, म्हणून तृप्तीने वेग वाढवला होता. मीडियम वेव्हची स्टेशनंही सेकंदाला लाखो हेलकाव्यांवरच चालतात; वाढवता वाढवता तो वेग नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात, म्हाताऱ्याच्या स्टेशनच्या शेजारी जाऊन बसला होता.

तिने सुयशला फोन लावला.

"सोपं आहे," तो म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं. "वेग अजून वाढव. पट्ट्याच्या वर निघून जा. गाड्यांमध्ये तसंच करतात."

"नाही जमत. बावीसचे चार करायचे म्हणजे प्रत्येक फेरीत स्विच अगदी क्षणभरच चालू ठेवायचा. एवढ्या वेगात तो क्षण इतका लहान होतो, की आपल्या चिपला तेवढ्यात चालू होऊन बंदच होता येत नाही. ती फेऱ्या गाळायला लागते."

"मग खाली उतर."

"खाली उतरलं की कॉइल मोठी होते. झाकण लागत नाही."

"बघ मग तूच. मला मीटिंग आहे गं, नंतर बोलू?"

नंतर फोन आला नाही.

रविवारी ती स्कूटरवर निघाली. त्र्यंबकच्या पुढे फोनची रेंज गेली. गोटीरामने सांगितलेलं घर रस्त्यापासून वर, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापलेल्या वावराच्या कडेला होतं. ओट्यावर साठी ओलांडलेला माणूस एक पाय लांब करून बसला होता. हाच सहादू.

"कंपनीतून आलात? एवढ्या लांब? दिव्याची काय तक्रार नाय हां मॅडम. दिवा लय चांगला हाय."

त्याने रेडिओ लावून दाखवला. बाईच्या आवाजातली बातमी दूरवरून येत होती आणि तिच्यावर एक बारीक, न थांबणारी शिट्टी होती. तृप्तीने पॅनलची वायर काढली. शिट्टी गेली, बाईचा आवाज स्वच्छ झाला.

"ते मला माहीत हाय," सहादू म्हणाला. "वायर काढली की दिसभर रेडिओ. पण मंग रातीला दिवा नाय. दोन्हीतलं एक घ्यायचं."

"आणि तुम्ही काय घेता?"

"दिवा. पाय असा, अंधारात पडलो तर उचलायला कोन हाय?"

मुलगा बारकू आणि सून दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जातात, थेट उन्हाळ्यात परततात. आधी हाही जायचा. बांधावरून पडून पाय मोडला, तेव्हापासून मागे राहतो. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. मग बायकोचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, मेलेल्या बैलाचं सांगितलं. त्याने कोरा चहा केला, थोड्या वेळाने पुन्हा एकदा केला. तृप्ती ऐकत राहिली. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

"तुझ्या घरी कोन हाय, पोरी?" त्याने मध्येच विचारलं.

"आई असते. सध्या पुण्याला आहे."

"मंग तुलाबी रेडिओ लागंल," तो म्हणाला. ती हसली. किती दिवसांनी कुणी तिला काही विचारलं होतं.

सोमवारी ती गायधनी सरांसमोर उभी राहिली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुझं म्हणणं चूक नाही, तृप्ती. पण एका रेडिओसाठी डब्याचा साचा बदलू? पुढच्या मॉडेलला बघू. त्याला पैसे परत दे."

"त्यांना पैसे नकोत सर. दिवा हवाय."

"मग एखादा हाताने करून दे. तेवढं कर."

तिने तेवढं केलं. वेग पट्ट्याच्या बराच खाली आणला, त्याच्या दुपटीत, तिपटीत उमटणारी शिट्टीही त्या स्टेशनपासून लांब पडेल असा बेतला. पॅनलच्या तोंडाशी छोटा फिल्टर टाकला. मोठी कॉइल बसवली आणि सगळं एका जुन्या, उंच डब्यात घातलं. जुना रेडिओ शेजारी ठेवून गच्चीवर तपासलं. तो आठवडा तिला बरा गेला. पुढच्या खेपेला त्याला काय काय विचारायचं, तेही तिने मनात ठरवून ठेवलं. विहिरीची गोष्ट अर्धी राहिली होती.

रविवारी दुपारी कडक ऊन होतं. तिने नवा डबा जोडला, वायर लावली. सहादूने बटण फिरवलं. कुणीतरी शेतीविषयी बोलत होतं, आवाज लख्ख होता, शिट्टीचा मागमूस नव्हता.

"आरं वा!" तो म्हणाला. त्याने रेडिओ उचलून कानाजवळ धरला आणि डोळे मिटले.

कार्यक्रम संपला, गाणी लागली. त्याला शब्द पाठ होते. तो ओठ हलवत होता, मांडीवर बोटांनी ठेका धरत होता. तृप्ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिली.

"बाबा, ती विहीर मग कुणी बांधली?"

"हां?" त्याने डोळे उघडले. "थांब, बाजारभाव सांगतील आता."

बाजारभाव झाले. पुन्हा गाणी लागली. तिने पाना आणि वायरचे तुकडे बॅगेत भरले, जुना डबा घेतला. ती उठलेली पाहून तो धडपडत उभा राहिला.

"चहा राहिला की गं."

"नको बाबा, उशीर होईल."

"लय उपकार झाले, पोरी. आता तुला एवढ्या लांब यायची तसदी नाय." ते त्याने मनापासून म्हटलं. मग आतून नागलीच्या पिठाची पिशवी आणून तिच्या हातात दिली. "आईला दे."

"देते," ती म्हणाली.

ती वावराच्या कडेने खाली उतरली तरी गाणं ऐकू येत होतं. काम चोख झालं होतं. बाकी कुणाला नाही तरी सुयशला ते कळलं असतं. पुढे वळणावर उतार लागला आणि वाऱ्याच्या आवाजात गाणं बुडालं. त्र्यंबकजवळ रेंज आली. तिने स्कूटर कडेला घेऊन फोन पाहिला. कंपनीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. तिने त्यात आपलीही एक टाकली, पिठाची पिशवी पायाशी नीट ठेवली आणि नाशिककडे निघाली.