भावाची पाच वाक्यं

"तायडे, ही पाच वाक्यं आहेत तशीच चिकटव. स्वतःचं इंग्रजी पाजळायला जाऊ नकोस, हसं होईल."

भाऊ एवढं सांगून गेला, तो कायमचाच गेला. शिवणकाम करणाऱ्या त्याच्या बहिणीनं मात्र त्याचा शब्द व्रतासारखा पाळला. तिच्या लेकीची कातडी जरा घासलं तरी सोलून निघे. याच दुखण्यानं गांजलेल्या देशोदेशीच्या माणसांचा फोनवर एक गट होता. सकाळी पाण्याचा घोट घेण्याआधी ती तो उघडी. पाकोळी हे टोपणनाव घेतलेलं, हेच दुखणं जन्मभर सोसलेलं एक माणूस चित्रं काढून तिला पट्टी कशी भिजवायची, कशी सोडवायची ते शिकवी. ती त्या चित्रांखाली भावाचं एखादं इंग्रजी वाक्य चिकटवी. 'हा भला माणूस आहे, याचं ऐका.' भावानं ते गटातल्या एका डॉक्टरांसाठी लिहिलं होतं.

शेजारच्या मास्तरीणबाई आठवड्याला सगळं वाचून दाखवीत. पाकोळीच्या हाताचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा बाईंकडूनच लिहवून तिनं माप आणि पत्ता मागवला, कातडीला घासू नये म्हणून शिवण बाहेरून घेतलेला मऊ सदरा धाडण्याचं वचन दिलं. मग बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि परतल्या त्याच दिवशी गट उघडेना.

बाईंनी फोनवरच्या जुन्या सूचना वाचल्या.

"अगं, पाकोळीनं नावापुढेच लिहिलंय, मला पुरुष म्हणू नका, बाईही म्हणू नका. गटाचा नियमच आहे तसा. मीही कधी तिकडे पाहिलं नाही. त्या 'भला माणूस' वाक्यानं तू तीनदा पुरुष म्हणालीस. दोनदा ताकीद आली, त्यावर काय लिहिलंस?"

"भावाचंच दुसरं. 'मनापासून आभार, असंच शिकवत राहा.'"

"कर्म माझं! त्यांनी कान उपटला, तू हसून दुसरा पुढे केलास. टिंगल वाटली त्यांना. काढलं तुला."

"मग समजावून सांगा ना, बाई."

"कुठून? तुझं लिहिणंच बंद केलंय." बाई घुटमळल्या. "पाकोळीचं शेवटचं आहे एक. 'घरचे मला जे मी नाही तेच म्हणतात. तुझ्याकडूनही तेच?'"



संध्याकाळी पट्टी कोपराला चिकटून बसली. विचारायला कुणी नव्हतं. तिनं अंदाजानं ओढली, तसा कातडीचा पदर सोबत आला. लेक ओरडलीसुद्धा नाही, नुसती आईकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या दारात उभी होती.

"पाकोळी सदरा घेतील का हो?"

"कोण जाणे. न उघडता फेकतीलही."

"बरं."

घरी येऊन तिनं हात धुतले, मऊ सुती कापड पाटावर पसरलं, मापाचा कागद शेजारी ठेवला आणि कात्री हातात घेतली.