शाफ्टवरची रेघ

माझी बायको म्हणते, तुम्हाला स्वतःच्या सावलीचीसुद्धा पावती लागते. म्हणू दे. मी तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात काढली. आधी लेथवर होतो, मग फोरमन झालो, आणि 'झालं साहेब' म्हणणाऱ्या एकाचंही काम मी स्वतः मोजल्याशिवाय पुढे सोडलं नाही. कारखान्यात मला मागून 'पंचनामा' म्हणायचे. कोण कोण म्हणायचं तेही मला ठाऊक होतं.

जावयाचं गॅरेज आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून आहे. लेकीने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा माझा विरोध होता. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. माणूस गोड बोलतो, कुणाशी भांडत नाही, गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी हसतो. आता तुम्हीच सांगा, दिवसभर हसणाऱ्या मेकॅनिकवर शहाण्या माणसाने विश्वास ठेवायचा कसा? पाणी कुठेतरी मुरत असणारच.

लेक नर्स आहे. वर डोंगरातल्या वस्त्यांवर जाते, लसी देते, अडलेल्या बायकांना खाली दवाखान्यात आणते. वरचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. म्हणून जावयाने तिच्या गाडीला उंच स्प्रिंगा आणि मोठी चाकं घालून ती चार इंच वर उचलली. गाडी दिसायला झकास झाली, पण उचलल्यापासून थरथरायला लागली. कारण सोपं आहे. इंजिनाचा फिरता जोर मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, पूर्वी जवळजवळ आडवा होता. गाडी वर गेली, मागचा आस खालीच राहिला, आणि शाफ्ट उतरणीला लागला. त्याच्या दोन्ही टोकांचे जॉइंट इतक्या तिरक्या कोनात फिरायला केलेलेच नव्हते. जावई म्हणाला, आता जुना शाफ्ट काढून टाकायचा आणि या उंचीच्या मापाचा, जाड नळीचा, वरच्या टोकाला दुहेरी जॉइंट असलेला नवा बनवून घ्यायचा.

"कुठून बनवणार?" मी विचारलं.

"आहे एकजण ओळखीचा."

ओळखीचा! तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो उचलून हा सरळ रस्त्यावर गेला. माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? आत कॉम्प्रेसर धडधडत होता हे खरं, पण माणूस कॉम्प्रेसर बंदही करू शकतो.

निवृत्त झाल्यापासून रोज अकराला मी गॅरेजात जाऊन बसतो. दाराशी माझी एक खुर्ची असते. त्या आठवड्यात मी साडेनऊलाच जायला लागलो. चौथ्या दिवशी शाफ्ट आला, तोही गोणपाटात गुंडाळून. नवी वस्तू खोक्यात येते, गोणपाटात भंगार येतं. वर काळा रंग इतका ताजा की बोटाला वास लागला. जुन्यावर रंग मारून नवं म्हणून खपवणारे मी आयुष्यात कमी पाहिलेत का? आणि ही गाडी कुणा परक्याची नव्हती. तिच्यात माझी एकुलती एक लेक बसणार होती, एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर.

जावयाने शाफ्ट टेबलावर ठेवला, मायेने पुसला, आणि मग खिसे चाचपत म्हणाला, "बाबा, गिअरबॉक्सचं सील आणायला जातोय. अर्धा तास लागेल. गॅरेजकडे लक्ष ठेवाल ना?"

मला एकट्याला ठेवून जायला हा इतका खुशीने का तयार झाला, हेच मला आधी खटकलं. तो वळणावरून दिसेनासा झाला तसा मी उठलो.

चष्मा लावून शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत पाहिला. नळीवर दोन ठिकाणी लोखंडाचे नखाएवढे चौकोनी तुकडे वेल्ड केलेले होते. ठिगळं! नळीला तडा गेलेला असणार आणि वरून पट्ट्या मारून रंग फासलेला असणार. पुढे, जिथे शाफ्टचा एक अर्धा भाग दुसऱ्यात सरकतो, तिथे दोन्ही भागांवरून एक पांढरी रेघ ओढली होती. तिच्याखालीही काहीतरी लपवलंय असं वाटलं. फडकं थिनरमध्ये बुडवून ती खसाखस पुसली. खाली काहीच नव्हतं. तरी समाधान होईना. सांध्यावरची पेचाची टोपी फिरवून काढली आणि दोन्ही भाग ओढून वेगळे केले. आतले दाते पाहिले, आत बॅटरी मारली, बोट घालून फिरवलं. दाते कोरे करकरीत होते. तडा नव्हता, गंज नव्हता. खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता, पण मी हिरमुसलो.

मग जोडायला गेलो तेव्हा लक्षात आलं की कोणता दाता कोणत्या खाचेत होता ते मी पाहिलंच नाही. बत्तीस दाते, सगळे सारखे. त्या रेघेचा उपयोग तेव्हा कळला, आणि रेघ फडक्यावर होती. दुरून जावयाच्या मोटरसायकलचा आवाज आला. मी अंदाजाने दोन्ही भाग एकमेकांत सरकवले. अडचण न येता बसले. आमच्या लेथवर जे अडचण न येता बसतं ते बरोबर असतं, असं स्वतःला सांगितलं. टोपी आवळली, फळीवरच्या डबीतला पांढरा रंग आगकाडीने घेतला आणि जिथे होती तिथे नवी रेघ ओढली. घाईत ओढली, तरी रेघ सरळ आली. तीस वर्षांची सवय.

दुपारी जावई गाडीखाली आडवा झाला. मी शेजारी उकिडवा बसून बॅटरी धरली.

"बाबा, ती रेघ सरळ दिसतेय ना? इथून मला नीट दिसत नाही."

"सरळ आहे," मी म्हणालो.

तो हसला आणि बोल्ट आवळायला लागला. सांगायला तेवढा एक क्षण मिळाला होता. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुम्ही मला फसवताय असं वाटून मी तुमची वस्तू उघडली, असं? जिभेवर आलेलं गिळलं. संध्याकाळी आम्ही गल्लीबोळांतून एक चक्कर मारली. तिथे तिसऱ्या गिअरच्या पुढे कोण जातं? गाडी मुळीच थरथरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. वर चढताना गाडी छान चालली होती. उतरताना मागे एक बाळंतपणात अडलेली बाई होती, सोबत तिची सासू. धोंड्यांचा रस्ता संपून डांबरी लागली, वेग साठपर्यंत गेला आणि गाडी खालून अशी हादरायला लागली की आरसा निखळून पडला. लेकीने वेग कमी केला आणि पुढची सगळी वाट माणूस चालतो त्या गतीने उतरली. पाऊण तासाच्या रस्त्याला दोन तास लागले. बाई दवाखान्याच्या दारातच बाळंत झाली. आई आणि बाळ, दोघंही जगली.

आधी मला धडकी भरली. पण फोन ठेवल्यावर दुसरं काय वाटलं तेही सांगतो, कारण आता लपवून काय करू? मला वाटलं, बघा, मी म्हणतच होतो! रेघ, थिनर, आगकाडी, सगळं माझ्या डोक्यातून जणू पुसून गेलं. उरली फक्त ती दोन ठिगळं.

मी तडक माझ्या जुन्या दोस्ताला बोलावलं. कारखान्यात तो तपासणीवर होता. केसाच्या जाडीएवढी चूक नुसत्या बोटाने पकडायचा म्हणून आम्ही त्याला 'गेज' म्हणायचो. जावयाला सांगितलं, त्रयस्थ माणसासमोर शाफ्ट उतरवा. त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. लेक युनिफॉर्मवरच आली होती, बाहीवर रक्ताचे डाग तसेच. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

शाफ्ट टेबलावर आला तसं मी बोट दाखवलं. "ही बघ ठिगळं."

गेजने माझ्याकडे पाहिलं, जसं शिकाऊ पोराकडे पाहतात. "ठिगळं कसली? तोल साधायला लावलेली वजनं आहेत. दोन्ही भाग जोडून, मशीनवर फिरवून लावतात."

"आपण तर तोलासाठी माल कोरून काढायचो."

"आपण पंप करायचो बाबा. इथे जिथे वजन कमी पडतं तिथे तुकडा लावतात. काम उत्तम आहे." मग तो रेघेपाशी थांबला. नखाने ग्रीस खरवडलं, वाकून पाहिलं, पुन्हा खरवडलं. "इथे बनवणाऱ्याने टोकदार पंचने दोन ठिपके ठोकलेत, दोन्ही भागांवर एकेक. समोरासमोर यायला हवेत. एका दात्याने चुकलेत, म्हणून तोल गेला. आणि रेघ मात्र सरळ." त्याने मान वर केली. "रेघ खोटी आहे. कुणीतरी हा उघडून पुन्हा जोडलाय."

कॉम्प्रेसर बंद होता. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने रेघेकडे पाहिलं, मग फळीवरच्या डबीकडे, मग दाराशी ठेवलेल्या माझ्या खुर्चीकडे. त्याला कळलं. मला दिसलं, त्याला कळलं ते.

"मीच उघडला होता," तो म्हणाला. "ग्रीस भरायला. जोडताना चुकलो असेन."

आणि मी काय विचार केला असेल? हा मला का वाचवतोय, यात याचा काय डाव आहे! त्या घटकेलासुद्धा माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

"उघडलास आणि वरून रेघ ओढलीस?" लेकीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला सांगितलंही नाहीस? मागे ती बाई ओरडत होती. सासू माझा खांदा धरून विचारत होती, पोचू ना गं? आणि तुला ठाऊक होतं की तू अंदाजाने जोडलायस?"

त्याने हातातला पाना टेबलावर ठेवला.

"तुझ्या हातची गाडी मी पुन्हा चालवणार नाही." ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात, मीच तुम्हाला वेड्यात काढलं. काही दिवस मी घरी येते. आणि यापुढे गाडीचं काहीही झालं तरी आधी तुम्ही बघायचं."

तिच्या लग्नापासून पाच वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. तिने ते पदरात टाकलं आणि मला ते धरवेना. जावयाने टेबलावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा हसू नव्हतं. हसू नसलेला त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यात कसलाही डाव नव्हता.

"रेघ मी ओढली," मी म्हणालो.

गोणपाट, ताजा रंग, ठिगळं, थिनर, आगकाडी, सगळं सांगितलं. रेघ सरळ आहे का, असं त्याने विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, हेही सांगितलं. गेज डोक्यावर टोपी घालून बाहेर पडला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू उगाच का स्वतःवर घेतलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बाबा आहेत तुझे," तो म्हणाला.

शाफ्ट त्याच दिवशी ठिपक्याला ठिपका लावून जोडला गेला. गाडी आता साठलाच काय, ऐंशीलाही हलत नाही. लेक पूर्वीसारखीच दर रविवारी जेवायला येते. आईशी गप्पा मारते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते, माझ्या ताटात वाढते. झालेल्या गोष्टीबद्दल तिने त्यानंतर एक शब्द काढलेला नाही.

फक्त निघताना ती गाडीत एकदम बसत नाही. आमच्या दारात तास-दोन तास उभी असलेल्या त्या गाडीखाली ती बॅटरी घेऊन आडवी होते, शाफ्टला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावून बघते, आणि मगच किल्ली फिरवते. इतर कुणाच्या दारात ती असं करत नाही, मी जावयाला विचारलंय. मी फाटकाशी उभा राहून बघतो. तिचं काही चुकत नाही. माझीच लेक आहे.