हँडलचा पलंग

वैजनाथने आईची गादी ओढ्याकाठी टाकली, तेव्हा मी घरात तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते. परत आल्यावर त्याने अंगणात पाय धुतले आणि म्हणाला, "ताई, पलंगपण न्यावा लागेल. मला एकट्याला उचलवत नाही."

"पलंग राहू दे," मी म्हणाले.

आमच्या पुसेगावात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर ओढ्याकाठी टाकतात. ते पुन्हा कुणी वापरत नाही. पूर्वी ती जुन्या लुगड्यांची वाकळ असायची, दोन पावसाळ्यांत तिची माती होऊन जायची. आता तिथे फोमच्या गाद्या पडलेल्या आहेत. रेक्झिन फाटतं, आतला फोम पिवळा पडतो, पण संपत नाही. त्यांच्यावर कुत्री झोपतात. ओढ्याला पाणी आलं की एखादी वाहत जाते आणि पुलाच्या नळीत अडकून बसते. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. आईच्या जुन्या गादीतला खळगा अजून तसाच होता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. आणून तरी काय करणार होते?

घर एका शिक्षकांना भाड्याने द्यायचं ठरलं होतं. तेरवी आटोपून वैजनाथ पुण्याला गेला. महिन्याच्या विधीला तो परत येणार होता. नांदेडच्या कॉलेजातून रजा वाढवून मी मागे राहिले आणि घर उपसायला घेतलं. यापुढे या घरातलं काही ओढ्याकाठी जाणार नाही, एवढं मी मनाशी धरलं होतं. इंजेक्शनच्या सुया डब्यात भरून आरोग्य उपकेंद्रात दिल्या. उरलेल्या औषधांच्या पट्ट्यांचं काय करायचं ते तिथल्या सिस्टरनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी ठेवून घेतल्या. भांडी भावकीत गेली. मृताची भांडी चालतात, गादी चालत नाही. ही रेघ नेमकी कुठून काढली आहे, ते मला कधी कळलं नाही.

राहिला पलंग. दवाखान्यात असतो तसला, लोखंडी. पायाशी हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलली जायची. ओढ्याकाठी गेली ती गादी त्याआधीची, यावर हवेची गादी होती आणि ती फुगवत राहणारी एक लहान मोटार. आईच्या पाठीला जखमा झाल्यावर आम्ही तो हिंगोलीहून आणला होता. आणायला उशीर केला, तरी त्यानंतर जखमा वाढल्या नाहीत.

आमच्या मागच्या गल्लीत गोजरमावशी राहायची, आईची मैत्रीण. दिवाळीपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली. तोवर ती रोज दुपारी आईच्या उशाशी येऊन बसायची. आता ती स्वतःच जमिनीवर गोधडी टाकून पडून होती. एकदा तिच्या सुनेला, लक्ष्मीला, हात द्यायला म्हणून मी मावशीला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी कातडी काळी पडून फुटली होती. तो वास मला ओळखीचा होता.

तिचा मुलगा भागवत अंगणात फवाऱ्याचा पंप उघडून बसला होता. मी त्याच्यापाशी गेले.

"भागवतभाऊ, आईचा पलंग आहे घरी. हवेच्या गादीसकट. मावशीसाठी घेऊन जा."

"कोन्ता? शकुंतलामावशी ज्याच्यावर गेल्या त्यो?"

"हो."

त्याने पंपाची नळी फुंकली, उजेडाकडे धरून पाहिली. "साधना, तू शिकलेली हायेस. तुला चालत आसंल. माझी माय जिती हाये अजून."

"म्हणूनच सांगते आहे."

"जित्या मान्साला मेलेल्याच्या पलंगावर निजवायचं म्हंजे, जा बाई आता, असं म्हनल्यावानी झालं."

आतून आवाज आला. "काहून न्हाई म्हनून राहिला रे? आन की. शकुंतला काय महामारीनं मेली का?"

"आये, तू गप."

"गपच पडून हाये. तोंड तेवढं चालून राहिलंय, ते बी बंद करू का?"

लक्ष्मीने पदर तोंडाला लावला. भागवतही हसला, पण मान हलवून. मी म्हणाले, मग नांदेडहून नवा मागवते. त्याचं हसू गेलं. "माझ्या मायचं मी बघीन. कापूस जाऊ दे, आनतो." कापूस अजून झाडावर होता.

नासेर भंगारवाला सेनगावहून तीनचाकी घेऊन यायचा. आमच्याकडचे पत्रे, बंद पडलेला कूलर, आईच्या औषधांच्या बाटल्या हे सगळं त्यानेच नेलं. काच, लोखंड, प्लास्टिक तो जागच्या जागी वेगळं करायचा आणि करताना सतत बोलायचा. तारा जाळून तांबं काढू नकोस असं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "न्हाई ताई, तुमच्या तारा सोलून काढतो. बाकीच्यांच्या जाळतो."

पलंग पाहून त्याने तो ठोकून बघितला. "मस्त माल हाये. हा तोडायचा न्हाई. विकल एका दिवसात."

"कोण घेतं असले पलंग?"

"ज्याच्या घरी कुनी पडून हाये तो घेतो."

"कुणी विचारत नाही, कुणाचा होता?"

"ताई, जित्या मान्साचा पलंग भंगारात येतो का? समद्यांना म्हाईत हाये. पन इचारत न्हाईत." त्याने हँडल फिरवून पाहिलं. "माझ्या दुकानात आरसा हाये, जुनाच हाये, कुन्या मेलेल्याचा आसंल. त्याच्यात मी रोज दाढी करतो. भूत दिसतं, पन ते माझंच."

मी त्याला गोजरमावशीचं सांगितलं. त्याने हँडल उलटं फिरवून डोक्याकडची बाजू खाली आणली. मग म्हणाला, "मी देतो भागवतभाऊला. रंग मारतो, चार दिवसांनी आनतो. हिंगोलीच्या एका दवाखान्यातून निघाला म्हनतो."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"सांगितलं ना, इचारत न्हाईत."

मी हो म्हणाले.

पलंग नेताना त्याने उशाकडच्या लोखंडी कडीवर हात ठेवला. आईला एका हाताने धरून उठता यावं म्हणून वैजनाथने ती सेनगावला वेल्डिंग करून बसवून घेतली होती. "ही कापू का? दवाखान्याच्या पलंगाला आसली नसती."

"नको. मावशीचापण एकच हात चालतो."

पलंग हिरवा होऊन आला. नासेरने भाव असा लावला की भागवतला नाही म्हणता येईना. भागवतने पलंगासमोर नारळ फोडला, लक्ष्मीने हळदकुंकू वाहिलं. शेजारीण म्हणून मलाही बोलावलं होतं. चौघांनी मिळून मावशीला वर ठेवलं. मोटार सुरू झाली, गादी तिच्याखाली हळूहळू फुगली आणि तिने डोळे मिटले. भागवत दारात उभा राहून पाहत होता. लहान मुलाने जत्रेतून काही आणून द्यावं आणि घरच्यांना ते आवडतं का ते पाहावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

सगळे चहाला गेले. मी उशी नीट करत होते, तेव्हा मावशी डोळे न उघडता म्हणाली, "रंग चांगला दिला."

मी उशीची खोळ ओढून सरळ केली.

"तुझ्या मायच्या उशाशी इतक्या दुपारी बसले मी. ही मोटार वळखू येत न्हाई व्हय मला? गप ऱ्हाय. माझा भागवत भोळा हाये."

त्यानंतर मी रोज जायचे. लक्ष्मी आणि मी मिळून जखम धुवायचो. आधी वास कमी झाला, मग कडा लाल झाल्या, मग एका बाजूने पातळ, कोवळी कातडी धरू लागली. मावशी रात्रीची झोपू लागली. एकदा म्हणाली, "साधे, शकुंतलेनं कधी सांगितलं न्हाई एवढं सुख हाये म्हनून. म्हनायची, लई टोचतं. मला जळवायची न्हाई म्हनून आसंल." मी हसले. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती त्या खोलीत.

वैजनाथ महिन्याला आला. विधी झाला, पानं वाढली. रात्रीच्या गाडीने तो परत जाणार होता. पलंगाचं मी त्याला सांगितलं नव्हतं. फोनवर त्याने एकदा विचारलं, तेव्हा नासेरने नेला एवढंच बोलले होते, आणि ते खरंच होतं. मी स्वयंपाकघरात आवराआवर करत असताना तो प्रसादाचं ताट घेऊन मागच्या गल्लीत गेला. ते कळल्यावर मी हातही न पुसता निघाले.

मी दारात पोचले तेव्हा तो मावशीच्या उशाशी उभा होता आणि त्याचा हात कडीवर होता.

"ताई," तो माझ्याकडे वळून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू इथं दिलास होय आईचा पलंग? मला बोलली नाहीस. मी टाकायलाच निघालो होतो. चांगलं केलंस."

भागवत चटईवर बसून प्रसाद खात होता. घास त्याच्या हातात राहिला.

"कुनाचा पलंग?" त्याने विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. उठून हात धुतला. मग आईसमोर येऊन उभा राहिला. "आये, तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"मोटार चालू केली तवापासून."

"मी जित्या मायला मढ्याच्या पलंगावर निजवलं. आन् तू निजली? येक शबुद बोलली न्हाईस?"

"झोप लागत व्हती रे," मावशी म्हणाली.

वैजनाथ काहीतरी समजावू लागला. अंधश्रद्धा हा शब्द त्याने उच्चारला, आणि तो उच्चारायला नको होता. भागवतने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने आईच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले. ती चालत्या हाताने कडी धरून राहिली. "ठिवू नको खाली. भागवत, आरं तुझ्या पाया पडते, ठिवू नको." तो रडत होता आणि तिची बोटं एकेक करून सोडवत होता. लक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. मी पुढे झाले, तेव्हा तो म्हणाला, "हात लावू नको तू." मी म्हणाले, उद्याच नांदेडहून नवा येईल, कोरा, पेटीतून काढलेला. तो म्हणाला, "तुझ्या हातचं आता पानी बी नको."

रात्री वैजनाथने गाडी रद्द केली आणि मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, मी काय चुकीचं बोललो. मी म्हणाले, काही नाही.

सकाळी भागवतने नासेरला बोलावून घेतलं. पलंग अंगणात काढलेला होता. गल्ली जमली होती. नासेरने आल्या आल्या कान पकडले.

"चूक झाली भागवतभाऊ. पैसे परत घ्या. मी नेतो याला."

"न्यायचा न्हाई. हितंच तोडायचा. माझ्यासमोर."

"आसा चांगला माल कुनी तोडतं का? लांब नेतो. तिकडं वाशिमला देतो. तुमच्या नदरंसमोर बी येनार न्हाई."

"लांबच्या लोकाला माय न्हाई का?" भागवत म्हणाला.

नासेर त्याच्याकडे पाहत राहिला. गर्दीत कुणी हसलं नाही. रात्रभर मी भागवतविरुद्ध मनात वाक्यं जुळवली होती, आणि ती सगळी, हा माणूस फक्त स्वतःचं बघतो, यावर बेतलेली होती.

नासेरने तीनचाकीतून गॅसचं कटर काढलं. मी मागच्या दाराने आत गेले. मला कुणी अडवलं नाही.

मावशी पुन्हा गोधडीवर होती, भिंतीकडे तोंड करून. बाहेर ज्योत लागल्याचा आवाज झाला आणि जळणाऱ्या रंगाचा उग्र धूर खिडकीतून आत आला.

"पलंगच ना?" ती म्हणाली.

"हो."

"मोटार तरी ठिवायला सांग."

मोटारीची वायर भागवतने पहाटेच विळ्याने कापली होती, आणि हवेची गादीही. ते मी सांगितलं नाही. म्हणाले, "सांगते."

"कूस बदल बाई. कड भरून आलीय."

लक्ष्मी आणि मी तिला वळवलं. कोवळी कातडी निघून गोधडीला चिकटली होती. लक्ष्मीने ते पाहिलं, तांब्या उचलला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. लवकर परत आली नाही. अंगणात पलंगाचा एक पाय फरशीवर पडल्याचा आवाज झाला, मग दुसरा.

"कसं हाये गं?" मावशीने विचारलं.

"कालच्यासारखंच आहे," मी म्हणाले, आणि स्वच्छ फडकं शोधू लागले.