अकरा वळणे आणि चार मजली केक

रविवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तीन मजली केकचा वरचा मजला घसरला आणि डिकीच्या काचेला जाऊन चिकटला. जखमी कोणी नाही. केक गेला.

मित्रांनो, ज्या गाडीत हे घडले ती गाडी म्हणजे मी. मी एक जुनी, छोटी, पाच दारांची मोटार आहे. वय सतरा वर्षे. रंग एके काळी आकाशी होता, आता दारांवर आकाशी आणि टपावर पांढुरका आहे. त्या अपघाताला आज बरोबर सात दिवस झाले. या सात दिवसांत माझ्या पोटाखाली जे काही घडले, ते मी तुम्हाला क्रमाने सांगणार आहे. मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या. सतरा वर्षांत इतकी मजा मला कधी आली नव्हती.

आधी घरातली माणसे. ती तीन आहेत. सासरे घड्याळे दुरुस्त करतात. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणते. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून तो भूगोलाचे सर. सून केक करते, म्हणून ती केकवाली. माझ्या कागदांवर नाव घड्याळजींचे आहे, चालवते मात्र केकवाली. आमचे घर टेकडीवर आहे. केकवालीचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे खाली तळ्याच्या काठचे हॉटेल. मध्ये अकरा वळणे आहेत.

कारखान्यातून निघाले तेव्हा ही वळणे मला काहीच वाटत नसत. शोरूममध्ये लोक माझ्याभोवती फिरून म्हणायचे, "दिसायला एवढीशी आहे, पण रस्ता कसा धरते बघा!" ते कौतुक मी पुष्कळ वर्षे जपून ठेवले. मग इंजिनाचे तेल वेळेवर बदलले गेले, काचा पुसल्या गेल्या, पण खाली वाकून कोणी पाहिले नाही. शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे धक्के पचवणाऱ्या नळ्या थकल्या, सांध्यांतले रबरी बुश चिरले. वळणावर मी एका कुशीवर कलायची, मग दुसऱ्या कुशीवर. सर म्हणायचे, "वय झालं तिचं." वय झाले म्हटले की माणसे पुढे काही करत नाहीत.

केक पडला त्या दुपारी हॉटेलच्या मॅनेजरबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी अकरा वाजता चार मजली केक हवाय. या वेळी उभा आला नाही, तर पुढची कामं मी दुसरीकडे देईन. राग मानू नका." केकवालीकडची निम्म्याहून अधिक कामे त्या हॉटेलची होती. ती गेली असती तर केकवालीला पुन्हा पूर्वीसारखे दुसऱ्याच्या दुकानाच्या काउंटरवर उभे राहावे लागले असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

सोमवारी सरांनी माझी जाहिरात टाकली. मंगळवारी एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा फोन आला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो मला बघायला येणार, असे ठरले.

"विकून टाकू आणि केक न्यायला भाड्याची व्हॅन सांगत जाऊ," सर म्हणाले.

"व्हॅनवाला पाठीमागे सिलिंडर आणि पुढे माझा केक घेऊन जाईल," केकवाली म्हणाली. "एक आठवडा दे मला. बाबा, तुम्ही एकदा बघता का हिच्याकडे?"

"मी घड्याळं बघतो गं."

"मग हिलाही चाकंच आहेत की!"

घड्याळजी बाहेर आले. त्यांनी माझ्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, सगळा भार टाकून मला खाली दाबले आणि सोडले. मी वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. ते मोठ्याने मोजत होते. "एक... दोन... तीन... साडेतीन. सूनबाई, ही गाडी नाही, लंबक आहे! एकदा वर येऊन थांबायला हवी."

मला लाज वाटली आणि त्याच वेळी बरेही वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा आजार आकड्यात सांगितला होता.

पहिला उपाय फुकटचा होता. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर आहे. त्यावर माझ्या टायरांत हवा किती हवी ते छापलेले आहे. आकडा तीस. घड्याळजींनी मोजली तेव्हा उजव्या पुढच्या चाकात बावीस निघाली. सतरा वर्षांत तो स्टिकर कोणी वाचला नव्हता. हवा भरली आणि मी लगेच थोडी सरळ चालू लागले.

शुक्रवारी खोकी आली. पुढचे दोन शॉक, स्प्रिंगसकट जोडून आलेले, म्हणजे घरी स्प्रिंग दाबायचे धोक्याचे काम नको. मागचे दोन शॉक. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे दोन खालचे आर्म, नवे रबरी बुश बसवलेले. आणि एक वाकवलेला जाड पोलादी दांडा, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणाला. तो मागच्या बाजूला आडवा लागतो आणि वळणावर मला एका कुशीवर पडू देत नाही. केकवालीने तो दांडा दोन्ही हातांत तोलून पाहिला. "माझ्या लाटण्याचा थोरला भाऊ," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आठला काम सुरू झाले. मागच्या चाकांना लाकडी पाचरी, पुढे जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली दोन भक्कम स्टँड. "जॅक उचलायला, स्टँड उभं राहायला," घड्याळजी तीनदा म्हणाले. स्टँड लागल्याशिवाय त्यांनी सुनेला माझ्याखाली बोटही घालू दिले नाही. पुढचे झाल्यावर तीच तयारी मागे.

गंजलेले बोल्ट सुटताना किंचाळत होते, मी मनात हसत होते. घड्याळजींची शिस्त बघण्यासारखी होती. जमिनीवर जुनी चादर, चादरीवर बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले. प्रत्येक बोल्ट परत बसला की टॉर्क पान्याने पूर्ण आवळायचा, ठरलेला जोर लागून पाना 'टक्' करेपर्यंत, आणि मगच पुढच्याला हात लावायचा.

"सगळे आधी नुसते अडकवून ठेवू का?" केकवालीने विचारले.

"अर्धवट सैल स्क्रू मी पंचेचाळीस वर्षांत टेबलावर ठेवलेला नाही," घड्याळजी म्हणाले. 

दुपारी चारला चाके जमिनीला लागली. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. पण मी खाली बसेनाच. चवड्यांवर उभे राहिल्यासारखी मी बोटभर उंच राहिले. डिकीत पाण्याने भरलेले पातेले ठेवून केकवाली एक फेरी मारून आली. वळणावर मी कलले नाही, हे खरे. पण रस्त्यावरच्या प्रत्येक भेगेला मी दाणकन आपटत होते आणि पुढून कुरकुर ऐकू येत होती. परत आलो तेव्हा पातेल्यात पाऊण पाणी नव्हते.

"झालं?" सर दारातून म्हणाले. "आधी बोट होती, आता बैलगाडी झाली."

 घड्याळजींनी पाने पुसले, चादरीची घडी घातली आणि आत जाऊन जेवणसुद्धा नीट केले नाही. मित्रांनो, त्यांच्या चेहऱ्यावर अपयश मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते माझ्यामुळे होते.

रविवार, म्हणजे आज. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती माझ्या बॉनेटसमोरच आहे. आत केकवाली दुसऱ्या मजल्यावर तिसरा ठेवत होती. घड्याळजी चहाचा कप घेऊन उभे होते.

"कडेला क्रीम कधी भरणार?" त्यांनी विचारले.

"मजला पूर्ण बसला की. हातात धरलेला असताना भरलं, तर खाली टेकवल्यावर सगळं ताणतं आणि तडकतं..." ती मध्येच थांबली. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "बाबा, आर्मचे बोल्ट आवळले तेव्हा चाकं कुठं होती?"

"हवेत लटकत होती."

"आणि बुश रबराचे आहेत ना? लटकत्या जागी त्यांना पक्कं धरलं, मग गाडी खाली उतरवली. म्हणजे रबर कालपासून पीळ खाऊन उभं आहे!"

घड्याळजींनी कप खिडकीत ठेवला. "आणि तोच पीळ गाडीला वर ढकलतोय." ते एवढेच म्हणाले आणि स्लिपरवरच बाहेर पळाले. हो, पळाले! त्यांच्या वयाचा आकडा मी सांगणार नाही, ते रागावतील.

पुढची पन्नास मिनिटे मी जन्मभर विसरणार नाही. चारही चाकांखाली जाड फळ्यांचे रुंद थर रचले, मला हळूच त्यांवर चढवले, हँडब्रेक ओढला, पाचरी ठोकल्या. आता मी उंचावर होते, पण माझ्याच चाकांवर. सगळा भार माझ्याच पायांत. घड्याळजी पाठीवर झोपून आत सरकले आणि त्यांनी उजव्या आर्मचा बोल्ट सैल केला.

खट्!

रबर सुटले. मी उजवीकडे बोटभर खाली बसले. मग डावीकडे. मग मागच्या शॉकचे बोल्ट. प्रत्येक वेळी ते मला जरा झुलवत, मी माझी जागा शोधत असे, आणि मग ते बोल्ट आवळत. टक्. टक्. टक्. नंतर मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून त्यांनी चाकांची दिशा पाहिली. "तळ्यापर्यंत हळू जायला चालेल. पक्कं मशिनवर बघायला हवं," ते म्हणाले आणि टायरवाल्याला फोन लावून उद्या सकाळी दहाची वेळ घेतली. साडेसातला पुन्हा पातेले घेऊन एक फेरी. "या वेळी सांडलेत ते दोनच थेंब," केकवाली म्हणाली.

"तीन," घड्याळजी म्हणाले. "एक डिकीच्या झाकणाला आहे."

दहा वाजून वीस मिनिटांनी चार मजली केक डिकीत चढला. खाली रबरी चटई, बाजूंना उशा. केकवाली चालवायला, घड्याळजी शेजारी, सर मागे अर्धे वळून, दोन्ही हात केकजवळ पसरून, जणू गोलकीपर.

पहिले वळण आले. मी आत शिरले आणि वाट पाहू लागले की आता कलणार. कललेच नाही! म्हणजे थोडी झुकले, एकदा, आणि थांबले. चाके रस्त्याला चिकटून, टप सरळ. दुसरे वळण. तिसरे. स्टिअरिंग जेवढे फिरेल तेवढीच मी फिरत होते, ना कमी ना जास्त. मला ओरडावेसे वाटत होते. मी फक्त हॉर्न असलेली गाडी आहे, म्हणून गप्प राहिले. पाचव्यानंतरच्या खड्ड्यात चाक गेले, शॉकने तो खड्डा गिळला, आणि वर काही पोचले नाही.

"अगं, हळू!" सर ओरडले.

"तीसच्या वर नाहीये मी."

"मग एवढं छान का वाटतंय?"

आठवे वळण म्हणजे पाण्याची टाकी.  घड्याळजींनी डोळे मिटले. मी आत गेले, मधून सरकले, बाहेर आले.

"उभा आहे," मागून सर हलक्या आवाजात म्हणाले. मग मोठ्याने, "अरे, उभा आहे!"

दहा वाजून बावन्न मिनिटांनी आम्ही हॉटेलच्या मागच्या दाराशी पोचलो. मॅनेजरबाईंनी डिकीत वाकून पाहिले. साखरेचे एक फूल खाली उतरले होते. घड्याळजींनी खिशातून चिमटा काढला आणि ते जागेवर बसवले. बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचं बोलायचं आहे, आत या."

मित्रांनो, तुमच्याजवळच्या जुन्या वस्तूला म्हातारी म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आणि कोणालाही आवळण्याआधी त्याला त्याच्या पायांवर उभे राहू द्या. एवढेच मला सांगायचे होते. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण पाच वाजता ड्रायव्हिंग स्कूलवाले आले. सकाळच्या आनंदात जाहिरात काढायचे कोणाच्या लक्षातच राहिले नव्हते. त्यांनी मला तिसऱ्या वळणापर्यंत नेले आणि परत आणले. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अहो, जुनी म्हणालात! ही तर पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी चालते. शिकणाऱ्यांना अशीच हवी. उद्याच नेतो."

रोज नवे शिकाऊ, रोज नवा दणका. माझे नवे बुश शहारले.

सर केकवालीकडे बघत राहिले. "मी फोनवर शब्द दिलाय गं," ते पुटपुटले.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. पण किल्ली हातातून सोडली नाही.

"बाबा, कागदांवर तुमची सही लागेल," सर घड्याळजींना म्हणाले.

घड्याळजींनी शर्टाचा खिसा चाचपला, मग डोके. "सही करतो की. पण चष्मा सापडत नाहीये. चष्म्याशिवाय मी कुठं सही करत नाही."

"हरकत नाही," स्कूलवाले म्हणाले. "सकाळी आठला येतो."

आता संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. दहा मिनिटांपूर्वी घड्याळजी एकटे बाहेर आले. त्यांनी माझ्या डॅशबोर्डचा कप्पा उघडला, त्यातून चष्मा काढला, माझ्या मीटरवरचा आकडा वाचला आणि समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: 'आणखी पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासणे.' त्याच्याखाली लिहिले: 'सोमवार, दहा वाजता, टायरवाला.'

मग चष्मा परत कप्प्यात ठेवला, कप्पा बंद केला आणि ते आत गेले.