लहरीबाबाचा निरोप-सेतू

पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली प्रयोगशाळेतल्या तपासणीबाईंनी कंप्युटरवर एक ओळ लिहिली, मधल्या खोलीतल्या काळ्या पेटीवर हिरवा दिवा लुकलुकला आणि वरच्या वॉर्डातल्या कंप्युटरवर तीच ओळ उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी पेटीला हातही जोडले.

"तार निमित्तमात्र," पेटीशेजारी उभा असलेला लहरीबाबा म्हणाला. "निरोप जातो तो माझ्या सूक्ष्म लहरींवर. शंका घेतली की लहर तुटते."

म्हणजे चुकलं तर दोष आपला, जमलं तर कौतुक त्याचं.

मी तिथला शिपाई. रक्ताच्या रिपोर्टांच्या चिठ्ठ्या तीस वर्षं मीच वर नेत आलो. एकदा एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या खाटेला दिली, म्हणून पन्नाशीत लिहायला-वाचायला शिकलो. तेव्हापासून आकड्यावर बोट ठेवल्याशिवाय पुढे सरकत नाही.

बाबा येण्याच्या दोन महिने आधी तपासणीबाईंनी व्यवस्थापकांना सांगितलं होतं की दोन्ही कंप्युटर एकाच तारेवर आहेत, एकाने ऐकत बसायचं, दुसऱ्याने बोलायचं, दहा-बारा ओळींच्या प्रोग्रामचं काम आहे. इतकं सोपं असतं का कुठे, असं म्हणून साहेबांनी बाबाला बोलावलं. बाबाने दोन्हीकडच्या वायरी मधल्या खोलीत, पडद्यामागे नेल्या, त्याला निरोप-सेतू नाव दिलं आणि नियम घातले. पडदा उघडायचा नाही. दुपारी एक ते दोन निरोप धाडायचा नाही, लहरी विसावतात. एरवी निरोपाला तीन-चार मिनिटं लागत. माझे गुडघे गेलेत, तरी मी त्याआधी पोचायचो. तसं बोललो की म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय म्हणून सगळे हसत.

मग माझी अक्का, थोरली बहीण, वॉर्डात आली. साखरेचा आजार. एका दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. बोटातलं रक्त तपासायचं छोटं यंत्र सेतू आल्यापासून कपाटात बंद होतं. रक्त घेऊन मी खाली गेलो. तपासणीबाईंनी वहीत अठ्ठावन्न लिहिले, कंप्युटरवर अठ्ठावन्न टाकले आणि साखर फार उतरलीय, वर जा म्हणाल्या.

वर पोचलो आणि मागोमाग निरोप आला. मी आकड्यावर बोट ठेवलं. पंच्याऐंशी, म्हणजे साखर ठीक.

खाली अठ्ठावन्न आहे म्हणून मी नर्सबाईंच्या हातापाया पडलो. "काका, सेतूपेक्षा तुम्ही शहाणे का?" त्या म्हणाल्या. इकडे अक्काला मी कोण ते कळेना.

मी जिन्यातूनच हाक मारली. तपासणीबाई वही घेऊन धावत आल्या, त्यांनीच साखरपाणी कालवून अक्काला पाजलं. पाव तासाने अक्का म्हणाली, "मेल्या, रडतोस कशाला?"

तपासणीबाई मात्र संतापल्या होत्या. "यंत्र बिघडलं तर निरोप अडकेल," त्या म्हणाल्या. "आकडे उलटेपालटे करतो तो माणूस." तरातरा खाली जाऊन त्यांनी पडदा ओढला.

आत बाबाचा मेहुणा बसला होता. समोर दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड. खालून आलेलं वाचायचं आणि वरच्यासाठी पुन्हा टाइप करायचं, एवढीच ती सूक्ष्म लहर. मनात अठ्ठावन्न म्हणता म्हणता त्याने आधी आठ दाबला होता. एक ते दोन तो जेवायला जायचा. पेटीत एक बॅटरी आणि एक दिवा.

"तुमच्या शंकेने लहर तुटली," बाबा म्हणाला. अक्काचा भाऊ समोर उभा असताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तार पुन्हा सरळ जोडून त्यांचं काम करून दाखवलं. वरच्या कंप्युटरला एक पत्ता असतो. तो ठरलेल्या दाराशी कान देऊन बसतो. खालचा दार ठोठावतो, आकडा सांगतो. वरचा तोच आकडा परत म्हणून दाखवतो, जुळला की काम संपलं. सव्वा वाजता, लहरी विसावायच्या वेळी, निरोप डोळ्याची पापणी लवायच्या आत वर गेला.

टाळी एकानेही वाजवली नाही. एवढंच होय, म्हणत लोक पांगले. साहेबांनी विचारलं, बाबांना आता काय तोंड दाखवायचं? अक्काला कुणी तोंड दाखवलं नाही.

याचाच मला राग आहे. बाबा येतील नि जातील, पण साधं उत्तर आपल्याला पटत नाही, म्हणून त्यांची सोय होते. तेव्हा हात जोडून सांगतो, कसं चालतं हे जो विचारू देत नाही त्याच्या हाती आपलं आजारी माणूस सोपवू नका. विचारा. आणि उत्तर अगदीच साधं निघालं, तर हिरमुसू नका.